नागावचे घर, वाडी आणि मुदतीआधीची निवृत्ती

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आक्षी मागे टाकून नागावात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी माडपोफळींची सावली सुरू होते. अष्टागरातील हे एक जुने गाव. जांभ्या दगडाची कौलारू घरे, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर आणि विहिरीच्या पाण्यावर पोसलेली वाडी अशी येथील घराची मूळ रचना. वाडी एकट्याने संसार चालवील एवढी मोठी बहुधा नसते. म्हणून घरातील एक जण अलिबागच्या कचेऱ्यांत, शाळेत, थळच्या खत कारखान्यात किंवा मुंबईला नोकरी करतो, आणि नोकरी संपली की वाडीत परततो, हा येथील जुना क्रम आहे.

हा क्रम अलीकडे थोडा बदलू पाहत आहे. अठ्ठावन्न वर्षे पुरी होण्याची वाट न पाहता पन्नाशीच्या आसपासच नोकरी सोडावी, घर नीट करावे, वाडी पाहावी, जमल्यास पर्यटकांसाठी दोन खोल्या काढाव्यात, असा विचार अनेक घरांत बोलला जातो. विचार गैर नाही. मात्र तो अमलात आणताना घरखर्च, घराची सुधारणा आणि निवृत्तिवेतनाची बचत या तीन गोष्टींचा हिशेब बहुतेक ठिकाणी तीन निरनिराळ्या वह्यांत मांडला जातो. वस्तुतः तो एकच हिशेब आहे. घराच्या छपरावर आज होणारा खर्च आणि चौपन्नाव्या वर्षी हाती येणारी रक्कम ही एकाच कणगीतून काढली जातात.

घराचा न दिसणारा खर्च

महिन्याचा खर्च किती, असे विचारले असता गृहस्थ किराणा, दूध, वीज, शाळा, प्रवास, औषधपाणी यांची बेरीज सांगतो. घर स्वतः किती खाते, हे त्यात येत नाही. समुद्रकाठी तर घराचा हा वाटा देशावरच्या घरापेक्षा जास्त असतो. खाऱ्या हवेने लोखंड गंजते. सिमेंटच्या स्लॅबमधील सळई फुगून पोपडे निघतात. चार महिन्यांचा जोराचा पाऊस भिंतीच्या पायथ्याशी ओल धरतो आणि वाळवी वाशापर्यंत पोहोचते. पूर्वी वैशाखात कौले चाळणे हे घरचेच काम होते. आता त्यासाठी माणसे बोलवावी लागतात, आणि जाणकार माणसे मिळणेही कठीण झाले आहे.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या घराचे घालावेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, फुटकी बदलणे आणि गळती काढणे यासाठी 12,000 रुपये. बाहेरचा रंग पाच वर्षांतून एकदा, 60,000. म्हणजे वर्षाला 12,000. वासे व रिपा वीस वर्षांतून एकदा बदलाव्या लागतात, त्याला 3 लाख; म्हणजे वर्षाला 15,000. विहिरीवरचा पंप आणि नळ आठ वर्षांनी, 32,000, वर्षाला 4,000. विजेच्या तारा, न्हाणीघर आणि किरकोळ दुरुस्ती पंधरा वर्षांनी 75,000, वर्षाला 5,000. एकूण 48,000 रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला 4,000. ज्या गृहस्थाला आपला खर्च 26,000 आहे असे वाटते, त्याचा खरा खर्च 30,000 आहे. या चार हजारांची तरतूद दरमहा वेगळ्या खात्यात न केल्यास ती रक्कम वीस वर्षांनी एकदम मागितली जाते, आणि ती वेळ नेमकी निवृत्तीच्या सुमारास येते. त्यामुळेच भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम हाती पडताच छपरावर खर्च झाल्याची उदाहरणे कोकणात ठिकठिकाणी आढळतात.

येथे सुधारणा आणि दुरुस्ती यांत भेद केला पाहिजे. गळती, वाळवी, सैल झालेली वायरिंग ही कामे पुढे ढकलल्यास खर्च वाढतो. एका पावसाळ्यात भिजलेला वासा शेजारच्या दोन वाशांना नेतो. उलट नवी फरशी, पुढचे कुंपण, ओटीवरची जाळी, स्वयंपाकघरातील कपाटे ही कामे दहा वर्षे थांबली तरी घर उभे राहते. छपराला नाही म्हणता येत नाही. फरशीला म्हणता येते. प्रत्यक्षात मात्र लग्नकार्य किंवा गणपती जवळ आला की आधी फरशी होते आणि छप्पर पुढच्या वर्षावर जाते.

शासकीय कर्मचाऱ्यास सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधीतून घराच्या कामासाठी परतावा किंवा ना-परतावा रक्कम काढता येते. ही सवलत उपयुक्त आहे, पण ती फुकट नाही. या निधीवरील व्याजाचा दर 2020 पासून 7.1 टक्के आहे. या दराने बेचाळिसाव्या वर्षी काढलेले 3 लाख रुपये निधीतच राहिले असते, तर पन्नासाव्या वर्षी ते सुमारे 5 लाख 19 हजार आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे 9 लाख झाले असते. छप्पर वाचवण्यासाठी ही किंमत मोजणे योग्य ठरेल. पुढच्या दाराला संगमरवरी चौकट बसवण्यासाठी ती मोजावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राजीनामा नव्हे, स्वेच्छानिवृत्ती

लवकर निवृत्त होणे म्हणजे नोकरी सोडणे, एवढाच अर्थ घेतल्यास मोठे नुकसान होऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 अन्वये वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि त्याचे निवृत्तिवेतन लगेच सुरू होते. याच कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, तर पूर्वीची सेवा गमावली जाते. अर्जातील एका शब्दाने आयुष्यभराचे वेतन जाऊ शकते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी सेवापुस्तक मागवून खंडित सेवा, विनावेतन रजा आणि पडताळणीचे दाखले तपासणे अगत्याचे आहे. वीस वर्षांना काही दिवस कमी पडल्याचे अर्ज दिल्यानंतर कळणे हा महागडा शोध आहे.

जुन्या नियमांखाली असलेल्या कर्मचाऱ्याचा हिशेब असा होतो. समजा, पन्नासाव्या वर्षी त्याचे मूळ वेतन 60,000 आहे. निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे 30,000 आणि त्यावर महागाई भत्ता. तो अठ्ठावन्नपर्यंत थांबला असता, तर दरसाल 3 टक्के वेतनवाढीने मूळ वेतन सुमारे 76,000 आणि निवृत्तिवेतन 38,000 झाले असते. फरक दरमहा 8,000 रुपयांचा, आणि त्यावरील महागाई भत्त्याचाही, तोही हयातभर. पत्नीला पुढे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने अखेरच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के असते. म्हणजे पहिल्या स्थितीत 18,000, दुसऱ्या स्थितीत 22,800. निवृत्तीचा निर्णय घेताना घरात हा शेवटचा आकडा क्वचितच बोलला जातो; पण पतीच्या मागे पंधरा-वीस वर्षे राहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तोच मुख्य आकडा आहे.

अंशराशीकरणाचा मोहही असाच तपासावा. निवृत्तिवेतनाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो, आणि तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तोपर्यंत 30,000 चे 18,000 होतात. महागाई भत्ता मात्र पूर्ण रकमेवर मिळतो. एकरकमी पैशातून कर्ज फिटत असेल तर हा व्यवहार समजण्यासारखा आहे. त्या पैशातून माडी चढवायची असेल, तर पंधरा वर्षे दरमहा 12,000 रुपये भाडे भरून स्वतःच्याच घराच्या माडीवर राहण्यासारखे ते होईल.

1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांची स्थिती निराळी आहे. त्यांना प्रथम परिभाषित अंशदान योजना आणि पुढे 2015 पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के कर्मचाऱ्याचे आणि 2019 पासून 14 टक्के शासनाचे अंशदान त्यात जमा होते. मार्च 2023 मधील कर्मचाऱ्यांच्या संपानंतर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतक्या खात्रीच्या निवृत्तिवेतनाच्या दिशेने निर्णय घेतले, आणि 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातीनुसार नंतर नियुक्त झालेल्यांना जुन्या योजनेचा विकल्पही दिला. आपण कोणत्या योजनेत आहोत, कोणता विकल्प दिला होता आणि त्याची नोंद सेवापुस्तकात आहे काय, हे पाहिल्याखेरीज या वर्गातील कर्मचाऱ्याने लवकर निवृत्तीचा विचारही करू नये. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यास जमा रकमेच्या किमान 40 टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते; राजीनामा देऊन मुदतीपूर्वी बाहेर पडणाऱ्यास किमान 80 टक्क्यांची. केंद्र शासनाने 1 एप्रिल 2025 पासून सुरू केलेल्या एकीकृत योजनेत तर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास खात्रीचे वेतन मिळते, पण ज्या तारखेस तो नियत वयोमानाने निवृत्त झाला असता त्या तारखेपासून.

कारखान्यात किंवा खाजगी पेढीत नोकरी करणाऱ्यांस कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 लागू असते. तीत दहा वर्षांची सेवा झालेल्यास पन्नासाव्या वर्षापासून वेतन घेता येते. मात्र अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते. ही रक्कम मुळातच लहान आहे. 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर पस्तीस वर्षांच्या सेवेला मूळ सूत्राने 7,500 रुपये येतात. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाल्यानंतर कोकणातील कितीतरी कामगार वयाच्या आधीच गावी परतले. त्यांनी ती निवृत्ती निवडलेली नव्हती, आणि घर, वाडी व भावबंद यांच्याच आधारावर त्यांना दिवस काढावे लागले. स्वेच्छेने लवकर परतणाऱ्याजवळ त्यांना न मिळालेली एक गोष्ट असते, ती म्हणजे तयारीसाठी वेळ.

मधली वर्षे

लवकर निवृत्तीची खरी किंमत मधल्या वर्षांत असते. नोकरी सुटल्यापासून निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंतचा काळ स्वतःच्या साठ्यावर काढावयाचा असतो. समजा, चाळीस वर्षांच्या एका कर्मचाऱ्याने आपला निवृत्तिवेतन निधी अठ्ठावन्नपर्यंत हात न लावता ठेवण्याचे ठरवले आहे, आणि त्याचा घरासह खर्च महिन्याला 30,000, म्हणजे वर्षाला 3 लाख 60 हजार आहे. व्याज आणि भाववाढ एकमेकांना बरोबर करतात असे धरल्यास, पन्नासाव्या वर्षी निवृत्त होण्यासाठी आठ वर्षांचे 28 लाख 80 हजार रुपये वेगळे हवेत. ते दहा वर्षांत जमवायचे तर महिन्याला 24,000 रुपये शिल्लक पडले पाहिजेत. एका पगारावर चालणाऱ्या घरात हे सहसा शक्य नाही.

तोच कर्मचारी चौपन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, तर चार वर्षांचे 14 लाख 40 हजार पुरतात, आणि ते जमवण्यासाठी चौदा वर्षे मिळतात. दरमहा सुमारे 8,600 रुपये. चार वर्षे थांबल्याने मासिक बचतीचा भार जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. पन्नास की अठ्ठावन्न, असा वाद घालणाऱ्या घरांनी मधले आकडे मांडून पाहिलेले नसतात.

खर्चातील कपातही अशीच दुहेरी उपयोगी पडते. महिन्याचा खर्च 1,000 रुपयांनी कमी झाला, तर आठ वर्षांच्या साठ्याची गरज 96,000 ने घटते, आणि तेच हजार रुपये दहा वर्षे साठवल्यास 1 लाख 20 हजार होतात. हजार रुपयांची ही काटकसर दोन लाखांहून अधिकचे अंतर कापते. मात्र ही काटकसर घराच्या दुरुस्तीच्या चार हजारांतून करू नये. ती दिसताना शिल्लक दिसते, प्रत्यक्षात ते घराकडून काढलेले कर्ज असते.

हा साठा कोठे ठेवावा? सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची मुदत पंधरा वर्षे, म्हणून चाळिशीत उघडलेले खाते पंचावन्नाच्या सुमारास हाती येते. डाकघर मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर 9 लाख आणि संयुक्त खात्यात 15 लाखांपर्यंत ठेवता येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के असून मर्यादा 30 लाख आहे. ती साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी असली, तरी निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पंचावन्नाव्या वर्षापासून ती खुली आहे. चौपन्नाव्या वर्षी निवृत्त होऊ पाहणाऱ्याने या एका वर्षाचाही विचार करावा. आजारपणाची तरतूद स्वतंत्र हवी. सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली 5 लाखांचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळू लागले आहे, पण पन्नास ते सत्तर ही वर्षे त्याच्या बाहेर राहतात.

वाडी आणि खोल्या

या सर्व हिशेबावर नागावात एक ठराविक उत्तर मिळते: “वाडी आहे ना!” नारळसुपारीचे उत्पन्न हा खरोखर आधार आहे. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर धडकले, आणि रायगडच्या किनाऱ्यावरील पोफळी व माड काही तासांत आडवे झाले. घरांची कौले आणि पत्रे उडाले. माड किंवा पोफळ नव्याने लावल्यास फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे पन्नास ते अठ्ठावन्न या मधल्या काळाइतकीच ही वर्षे झाली. वाडी आणि छप्पर एकाच दिवशी जाते, हे त्या वादळाने दाखवून दिले. ज्याच्या हिशेबात वाडीचे उत्पन्न हाच मधल्या वर्षांचा आधार असेल, त्याने किमान एका वर्षाचा खर्च आणि छपराची रक्कम बँकेत मोकळी ठेवल्याशिवाय नोटीस देऊ नये.

पर्यटकांसाठी खोल्या काढण्याचा विचार आता सर्वत्र आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मार्च 2020 पासून वाहनांसह येता येऊ लागले, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि नागावचा किनारा मुंबईच्या आणखी जवळ आला. तरीही आकडा मांडावा. दोन खोल्यांस 12 लाख लागले असे धरू. हीच रक्कम 8.2 टक्क्यांनी ठेवल्यास वर्षाला 98,400 रुपये येतात. खोलीचे एका रात्रीचे भाडे 2,000 आणि त्यातील निम्मा खर्च धरल्यास, तेवढे उत्पन्न मिळण्यास सुमारे 98 रात्री भराव्या लागतील. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांतील शनिवार-रविवार मोजले, तर दोन खोल्यांच्या मिळून साधारण 120 रात्री होतात. म्हणजे सहांपैकी पाच रात्री भरल्या, तर ठेवीची बरोबरी होते. आणि ठेव मुदतीनंतर परत मिळते, खोली मात्र दर पावसाळ्यात जुनी होते. सुट्ट्यांचे इतर दिवस आणि जास्त भाडे यामुळे खोल्या फायद्यात जाऊ शकतात. नुसत्या भरवशावर जाणार नाहीत.

शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम 1991 पासून लागू आहेत. अस्तित्वातील मान्य घराची दुरुस्ती वेगळी आणि किनाऱ्याजवळचे नवे बांधकाम वेगळे. खोल्यांचा पाया घालण्यापूर्वी परवानगीचा कागद हाती असावा, हे पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत वारंवार सांगण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. पाहुण्यांचे जेवण, चादरी, झाडलोट हे काम बहुतेक घरांत गृहिणीकडे जाते. पती पन्नासाव्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याच दिवशी पत्नीची नोकरी सुरू होते, याला घराची निवृत्ती म्हणता येणार नाही.

ज्यांना कोणत्याही कचेरीचे निवृत्तिवेतन नाही, त्या वाडीतील मजुरांचा आणि छोट्या दुकानदारांचा प्रश्न याहून कठीण आहे. अठरा ते चाळीस या वयात, प्राप्तिकर न भरणाऱ्यांसाठी 2015 ची अटल पेन्शन योजना आहे. साठाव्या वर्षापासून 5,000 रुपये मिळण्यासाठी अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास महिन्याला 210 रुपये भरावे लागतात, चाळीसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास 1,454. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवणे शिक्षकांच्या हाती आहे. गावातील नोंदणीसाठी बँक किंवा डाकघरात बचत खाते असले म्हणजे पुरे; अर्ज तेथेच भरून मिळतो, आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो.